ज्येष्ठतेची यादी कोणाच्या हातात?

दोन मांजरांना लोण्याचा गोळा सापडला आणि वाटणी करायला माकड बसले, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. तराजूचे पारडे सारखे करता करता माकडाने सगळे लोणी फस्त केले आणि मांजरे एकमेकांकडे बघत राहिली. बँकांमध्ये आज बढतीवरून विशेषज्ञ अधिकारी आणि सर्वसाधारण अधिकारी यांच्यात जे भांडण लागले आहे ते पाहिले की आम्हाला ही गोष्ट आठवते. तराजू कोणाच्या हातात आहे हे न पाहता आपली माणसे एकमेकांना ओरबाडत आहेत.

आम्ही हे वरवर बोलत नाही. गेल्या पावसाळ्यात महिनाभराच्या अंतराने दोन तरुण अधिकारी बीडच्या आमच्या कचेरीत आले. दोघे एकाच राष्ट्रीयीकृत बँकेचे. दोघेही आपल्याच समाजाचे. पहिला केज तालुक्यातील ऊसतोड कामगाराचा मुलगा. आईबाप सहा महिने कोयता घेऊन कारखान्याच्या फडात आणि हा आजीजवळ राहून शिकलेला. परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली, आयबीपीएसची परीक्षा दिली आणि कृषी क्षेत्र अधिकारी म्हणून लागला. दुसरा गेवराई तालुक्यातला. क्लार्क म्हणून चिकटला, रात्री अभ्यास करून जेएआयआयबी, सीएआयआयबी केले आणि खात्यांतर्गत परीक्षेतून अधिकारी झाला.

पहिला म्हणाला, "वकीलसाहेब, माझ्या मागून आलेल्यांची नावे बढतीच्या यादीत आहेत आणि माझे नाही. तुम्ही शाखा सांभाळलेली नाही म्हणतात. अहो, मागितली होती, मला शाखा दिली कुणी?" दुसरा म्हणाला, "साहेब, कॅश मोजता मोजता बोटे झिजली. खेड्यातल्या तीन शाखा काढल्या. आणि हेड ऑफिसला दहा वर्षे संगणकासमोर बसलेला माणूस सर्वसाधारण यादीत आला तो थेट माझ्या डोक्यावर. आता हे कृषीवाले पण तेच मागतात." दोघांनाही रिट याचिका करायची होती. सेवाविषयक दाव्यात ज्याच्या ज्येष्ठतेला धक्का बसणार असतो त्याला प्रतिवादी करावे लागते. म्हणजे औरंगाबाद खंडपीठात या दोन याचिका दाखल झाल्या असत्या तर एकाच्या याचिकेत दुसरा प्रतिवादी झाला असता. दोन बौद्ध तरुण एकमेकांविरुद्ध उभे, दोघांच्या खिशातून वकिलाची फी, आणि ज्या संचालक मंडळाने हा घोळ घातला ते निवांत. हे आम्हाला पटले नाही. म्हणूनच हा विषय आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत.

भांडणाचे मूळ समजून घेतले पाहिजे. १९६९ साली १४ आणि १९८० साली ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यापूर्वी प्रत्येक बँकेच्या अधिकाऱ्यांच्या पगाराच्या आणि हुद्द्यांच्या तऱ्हा वेगळ्या होत्या. पिल्लई समितीने १९७४ साली त्यांचे एकसूत्रीकरण सुचवले आणि १९७९ च्या अधिकारी सेवा विनियमांतून आजची स्केलची शिडी उभी राहिली. स्केल एक कनिष्ठ व्यवस्थापनाचे, दोन आणि तीन मधल्या व्यवस्थापनाचे, चार आणि पाच वरिष्ठ आणि सहा-सात सर्वोच्च कार्यकारी. पायऱ्या सर्व बँकांत सारख्या झाल्या. परंतु त्या कशा चढायच्या हे मात्र याच विनियमांतील १७ व्या कलमाने प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळावर सोपवले. शासनाची मार्गदर्शक तत्त्वे लक्षात घेऊन मंडळ वेळोवेळी धोरण ठरवील आणि त्याप्रमाणे बढत्या होतील, एवढेच ते कलम सांगते. 'वेळोवेळी' हा शब्द आपल्या माणसांनी नीट वाचावा. किती वर्षांची सेवा हवी, लेखी परीक्षेला किती गुण, मुलाखतीला किती, गोपनीय अहवालाला किती, विशेषज्ञांची यादी वेगळी की एकत्र, हे सारे वेळोवेळी बदलता येते. आणि बदलते.

विशेषज्ञ अधिकारी म्हणजे कोण? राष्ट्रीयीकरणानंतर बँका खेड्यात गेल्या. शेतीला कर्ज द्यायचे तर शेती समजणारा माणूस पाहिजे, म्हणून कृषी पदवीधर आले. कर्जाची कागदपत्रे आणि वसुलीचे दावे पाहायला विधी अधिकारी आले. शासकीय कामकाजातील हिंदीसाठी राजभाषा अधिकारी, संगणक आल्यावर माहिती तंत्रज्ञान अधिकारी, शिवाय मनुष्यबळ आणि विपणन अधिकारी आले. आयबीपीएसच्या विशेषज्ञ परीक्षेतून हे सारे स्केल एकवर भरती होतात. ग्रामीण बँकांत तर कृषी, विधी, संगणक, सनदी लेखापाल असे विशेषज्ञ थेट स्केल दोनवर येतात आणि क्लार्कपासून चढत आलेला माणूस तेव्हा स्केल एकवर आपल्या पाळीची वाट पाहत असतो. ठिणगी पडायला आणखी काय पाहिजे?

आम्ही दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले आहे आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. सर्वसाधारण अधिकारी म्हणतो, रोकड आमच्या अंगावर, वसुली आमच्या अंगावर, बदल्या आमच्या नशिबी. खात्यात गफलत झाली तर दक्षता विभागाची नोटीस आम्हाला. खेड्यातल्या शाखेत तीन माणसांच्या जागी दीड माणूस. अशा वेळी ज्याने काउंटर पाहिलेला नाही तो वरच्या पायरीवर येऊन आम्हाला हुकूम सोडणार असेल तर आमच्या झिजण्याला किंमत काय? हा सवाल खोटा नाही.

विशेषज्ञ म्हणतो, तुम्ही मला माझ्या पदवीसाठी घेतले. विधी अधिकारी होण्यासाठी मी वकिलीची सनद निलंबित ठेवली आणि आता त्याच पदवीमुळे माझी वाट बंद. माझ्या प्रवाहात वरच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सर्वसाधारण यादीत जायचे म्हटले तर ग्रामीण सेवेची आणि शाखाप्रमुख म्हणून काम केल्याची अट आडवी येते. ती पूर्ण करायची संधी देणे माझ्या हातात नाही, बँकेच्या हातात आहे. हाही सवाल खोटा नाही.

बीड जिल्ह्यात तर कृषी अधिकाऱ्याची तऱ्हाच वेगळी आहे. कागदावर तो विशेषज्ञ. प्रत्यक्षात जून महिना उजाडला की खरिपाच्या पीककर्जाची रांग त्याच्या टेबलापुढे. २०१७ च्या कर्जमाफीच्या याद्या त्यानेच तपासल्या, डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेच्या याद्याही त्यानेच जुळवल्या. पीकविम्याच्या तक्रारी घेऊन आलेला शेतकरी त्यालाच शिव्या घालतो. शाखाधिकारी रजेवर गेला की किल्ल्याही याच्याकडे. परंतु सेवापुस्तकात हे 'शाखेचा अनुभव' म्हणून लिहिले जात नाही. काम सर्वसाधारण अधिकाऱ्याचे, हुद्दा विशेषज्ञाचा आणि बढतीच्या वेळी तो कोणाचाच नाही! माणसाला राबवून घ्यायचे आणि राबल्याची नोंद करायची नाही, ही रीत आपल्या समाजाला नवीन नाही. गावगाड्यात बलुत्याबाहेरची कामे कोणाच्या वाट्याला होती हे आपल्या आजोबा-पणजोबांना चांगले माहीत होते.

येथवर हा प्रश्न कोणत्याही बँक अधिकाऱ्याचा आहे. मग आंबेडकरी चळवळीने यात का पडावे, असे काही वाचक विचारतील. कारण या भांडणात आपल्या घटनात्मक हक्काचा शेवटचा धागा अडकलेला आहे आणि तो तुटत असताना आपले लक्ष भलतीकडेच आहे.

९ जानेवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या खटल्यात निकाल दिला. अनुसूचित जाती-जमाती कर्मचाऱ्यांच्या कल्याण संघटनेने मद्रास उच्च न्यायालयापासून हा लढा नेलेला होता. न्या. चेलमेश्वर आणि न्या. सिक्री यांच्या खंडपीठाने स्केल एक ते सहाच्या बढत्यांमध्ये आरक्षण द्यावे असे म्हटले. देशभरातल्या आपल्या बँक कर्मचाऱ्यांनी पेढे वाटले. वर्षभरातच, ८ जानेवारी २०१६ रोजी, बँकांच्या पुनर्विचार याचिकेवर त्याच दोन न्यायमूर्तींनी आपली चूक झाल्याचे सांगून तो भाग मागे घेतला. अधिकारी वर्गातून अधिकारी वर्गात निवडीने होणाऱ्या बढतीत आरक्षण नाही, आहे ती केवळ सवलत, असे ठरले. पेढे वाटलेल्यांपैकी कित्येकांना ती सवलत नेमकी काय आहे हे आजही ठाऊक नाही.

सवलत अशी आहे. समजा, स्केल एकमधून दोनमध्ये १०० जागा भरायच्या आहेत. ज्येष्ठतेच्या यादीत पहिल्या १०० मध्ये जो अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा अधिकारी असेल त्याला पदोन्नती समितीने अपात्र ठरवलेले नसेल तर त्याचे नाव निवड यादीत घ्यावेच लागते. इतरांशी गुणांची तुलना करून त्याला मागे टाकता येत नाही. म्हणजे या सवलतीला दोनच पाय आहेत. एक, ज्येष्ठता यादीतले आपले स्थान. दोन, भरावयाच्या जागांची संख्या. हे दोन पाय कापले की सवलत कागदावर राहते आणि माणूस जमिनीवर.

आता विशेषज्ञांचा प्रवाह वेगळा केला की काय होते ते पाहा. समजा, एका बँकेत विधी अधिकाऱ्यांच्या प्रवाहात वरच्या दोनच जागा निघाल्या आणि आपला माणूस ज्येष्ठतेत पाचवा आहे. पहिल्या दोघांत तो नाही, म्हणून सवलत त्याला लागूच नाही. हाच माणूस १०० जागांच्या यादीत पाचवा असता तर समितीला त्याला वगळण्यासाठी अपात्रतेचे कारण लेखी द्यावे लागले असते. मोठी यादी मोडून सहा छोट्या याद्या केल्या की कोणाचाही हक्क काढून न घेता हक्क संपतो. कोणताही आदेश रद्द होत नाही, कोणतेही कलम बदलत नाही. फक्त यादीचे तुकडे होतात.

आणि याद्या एकत्र केल्या तर? मग गेवराईच्या आमच्या त्या तरुणाचा सवाल उभा राहतो. विशेषज्ञ कोणत्या तारखेपासून ज्येष्ठ धरायचा? बँकेत लागला त्या तारखेपासून, की सर्वसाधारण प्रवाहात आला त्या तारखेपासून? पहिली तारीख धरली तर क्लार्कमधून आलेले आपले शेकडो कर्मचारी मागे ढकलले जातात आणि त्यांची सवलत जाते. दुसरी धरली तर विशेषज्ञाची आधीची सगळी वर्षे मातीत जातात. म्हणजे तराजूचे कोणतेही पारडे उचलले तरी लोणी आपलेच कमी होते. नियम आधी ठरलेला नसेल आणि दर वर्षी सोयीप्रमाणे ठरत असेल तर हे असेच होणार.

भरतीच्या दारावरही हीच युक्ती चालते. केंद्र शासनाच्या २ जुलै १९९७ च्या आदेशाने पदांवर आधारित बिंदुनामावली आली. त्यात थेट भरतीसाठी अनुसूचित जातीचा पहिला बिंदू सातवा आणि जमातीचा चौदावा आहे. १३ किंवा त्याहून कमी पदांचा संवर्ग असेल तर फिरती बिंदुनामावली लागते. संवर्गात चार पदे असली तर चारही भरल्यानंतर तिसरी जागा रिकामी होईल तेव्हा अनुसूचित जातीची पाळी येते आणि जमातीची पाळी यायला दहा जागा रिकाम्या व्हाव्या लागतात. चार माणसांच्या संवर्गात दहा जागा रिकाम्या व्हायला किती वर्षे लागतील याचा हिशेब वाचकांनीच करावा. पद एकच असेल तर आरक्षणच नाही, हे चंदिगडच्या वैद्यकीय संस्थेच्या प्रकरणात १९९८ सालीच ठरले आहे. बँका स्केल दोन-तीनवरही जोखीम व्यवस्थापन, ट्रेझरी अशा कामांसाठी थेट विशेषज्ञ घेतात. जितके विषय सुटे, तितके संवर्ग छोटे. समान दर्जाची सुटी पदे आरक्षणासाठी एकत्र धरण्याची तरतूद केंद्राच्याच नियमांत आहे. ती किती ठिकाणी वापरली जाते हे आपण कधी विचारले आहे काय?

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने सहसचिव, संचालक अशा ४५ जागा बाहेरून थेट भरण्याची जाहिरात काढली. तज्ज्ञ पाहिजेत, असे कारण होते. जाहिरातीत आरक्षण नव्हते. देशभर ओरड झाली आणि तीन दिवसांत जाहिरात मागे घ्यावी लागली. दिल्लीत ४५ जागांसाठी जे उघड्यावर करता आले नाही ते 'विशेषज्ञ' या एका शब्दाच्या आडून दोन-दोन, तीन-तीन जागांच्या संवर्गांत गुपचूप होऊ शकते. हे आम्ही कोणाला घाबरवण्यासाठी सांगत नाही, डोळे उघडे ठेवण्यासाठी सांगतो.

काही विद्वान म्हणतात, विशेष ज्ञानाच्या पदांना आरक्षण लागत नाही. मंडल खटल्याच्या १६ नोव्हेंबर १९९२ च्या निकालात काही पदांबाबत आरक्षण उचित नसल्याचे मत आहे हे खरे. ती पदे कोणती? संरक्षण दलातील तांत्रिक पदे, संशोधन संस्था, वैद्यक आणि अभियांत्रिकीतील अतिविशेष शाखा, विमानाचे वैमानिक, अणू आणि अवकाश क्षेत्रातील शास्त्रज्ञ. सोयाबीनचे पीककर्ज मंजूर करणारा कृषी अधिकारी किंवा सातबारा तपासणारा विधी अधिकारी त्या यादीत कोठे आहे? आयबीपीएसच्या विशेषज्ञ भरतीत आरक्षण आहेच. तेव्हा बँकेतला विशेषज्ञ आरक्षणाच्या बाहेरचा प्राणी आहे असे कोणी सांगू लागला तर त्याला जाहिरात दाखवावी.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली जातिव्यवस्थेची चिकित्सा करताना दाखवून दिले की कामाची वाटणी ही एक गोष्ट आणि काम करणाऱ्या माणसांना एकमेकांपासून तोडून वरखाली रचणे ही दुसरी गोष्ट. बँकेत शेती एकाने पाहावी, कायदा दुसऱ्याने, रोकड तिसऱ्याने, ही कामाची वाटणी. तिला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु त्या वाटणीवरून एकाची वाट कायमची बंद आणि दुसऱ्याला त्याच्याविषयी राग, अशी रचना उभी राहते तेव्हा ती श्रेणीबद्ध विषमतेचीच नक्कल असते. या विषमतेची खुबी अशी की प्रत्येकाला वरच्याविषयी तक्रार असते, तरी खालच्याला हात द्यायला कोणी तयार नसतो. म्हणूनच ती टिकते.

विशेष ज्ञान असलेल्या माणसाला अधिकाराशिवाय ठेवणे म्हणजे काय हे बाबासाहेबांनी स्वतः भोगले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून ते १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. हुद्दा मोठा होता, पण शिपाई फायली लांबून टाकत आणि राहायला शहरात जागा मिळेना. ज्यांनी पुढे १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि हिल्टन यंग आयोगापुढे चलनव्यवस्थेवर साक्ष दिली, त्या माणसाच्या ज्ञानाला बडोद्याच्या कचेरीत किंमत नव्हती. याच बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी साडेआठ टक्क्यांच्या जवळपास आरक्षण आणवले. ज्ञान मिळवा एवढेच त्यांनी सांगितले नाही. जेथे निर्णय होतात तेथे जाऊन बसा, हेही सांगितले. केजचा तरुण कृषी पदवीधर झाला ही पहिली पायरी. तो जिल्ह्याचा पतपुरवठा ठरवणाऱ्या खुर्चीवर बसला तर ऊसतोड मजुराच्या पोरीच्या शैक्षणिक कर्जाची फाइल कोठे अडते हे त्याला कोणी शिकवावे लागणार नाही. बढतीचा प्रश्न पगारवाढीपुरता नाही तो यासाठी.

आता दुसरा धोका. बँकांची विलीनीकरणे. मराठवाड्याची जुनी बँक म्हणजे १९४१ साली निजामी राजवटीत निघालेली हैदराबाद स्टेट बँक, म्हणजेच नंतरची स्टेट बँक ऑफ हैदराबाद. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. मराठवाडा ग्रामीण बँक २००९ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली आणि १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँकही तिच्यात मिसळून राज्यासाठी एकच ग्रामीण बँक झाली. प्रत्येक विलीनीकरणात दोन याद्यांची एक यादी होते. एका बँकेत विशेषज्ञ वेगळ्या यादीत, दुसरीत एकत्र. एकीकडे बढती लवकर झालेली, दुसरीकडे रखडलेली. ही सरमिसळ कोणत्या तत्त्वावर होते, तात्पुरती यादी कधी लागते, हरकत घ्यायला किती दिवस मिळतात, याकडे आपल्या संघटनांचे लक्ष पाहिजे. अंतिम यादी लागून वर्षे उलटली की न्यायालय म्हणते, इतके दिवस कोठे होता? उशिरा जागा झालेल्याला कायदा मदत करत नाही, हा आमचा वकिलीतला रोजचा अनुभव आहे.

ग्रामीण बँकांच्या कर्मचाऱ्यांनी १९९८ चा शिवय्या खटल्याचा निकाल ध्यानात ठेवावा. जेथे 'ज्येष्ठता आणि गुणवत्ता' या तत्त्वावर बढती आहे तेथे किमान आवश्यक पात्रता असलेल्या ज्येष्ठाला, तो गुणांत कमी असला तरी, प्राधान्य मिळते. गुणांची शर्यत लावून कनिष्ठाला पुढे काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले. गोपनीय अहवालाबाबतही कायदा आता स्पष्ट आहे. २००८ च्या देवदत्त आणि २०१३ च्या सुखदेव सिंह या निकालांनंतर अहवालातील प्रत्येक शेरा, मग तो बरा असो की वाईट, संबंधिताला कळवलाच पाहिजे. 'चांगला' असा शेरा मारून बढतीसाठी 'अतिशय चांगला' मागायचा आणि माणसाला पत्ताच लागू द्यायचा नाही, हा खेळ आता बेकायदा आहे. तरीही किती जण आपला अहवाल लेखी मागतात?

मग करायचे काय? आमच्या मते विशेषज्ञ आणि सर्वसाधारण, दोघांनीही एकाच कागदावर सह्या करून मागता येतील अशा पाच मागण्या आहेत. पहिली, बढतीची प्रक्रिया सुरू होण्याआधी प्रवाहनिहाय रिक्त जागा आणि ज्येष्ठता यादी जाहीर झाली पाहिजे. दुसरी, विशेषज्ञाला पात्रतेच्या तारखेआधी पाळीपाळीने शाखेत काम करण्याची संधी द्यावी आणि लेखी मागूनही ती दिली नसेल तर अनुभवाची अट त्याच्यावर लादू नये. आपल्याच चुकीचा फायदा कोणाला घेता येत नाही, हे कायद्याचे जुने तत्त्व आहे. तिसरी, प्रवाह बदलण्याचा पर्याय एकदाच, लेखी आणि आधी ठरलेल्या ज्येष्ठतेच्या नियमाने असावा. तो पर्याय घेणाऱ्याने खेड्यातली सेवा सर्वसाधारण अधिकाऱ्याइतकीच करावी, म्हणजे गेवराईच्या तरुणावरही अन्याय होणार नाही. चौथी, छोटे संवर्ग आरक्षणासाठी एकत्र धरावेत आणि बिंदुनामावली कर्मचाऱ्यांना पाहण्यास खुली असावी. पाचवी, सवलतीच्या कक्षेत असूनही ज्याला वगळले त्याला अपात्रतेचे कारण लेखी द्यावे.

यासाठी मोर्चाच काढावा लागतो असे नाही. प्रत्येक बँकेत अनुसूचित जाती-जमातींसाठी संपर्क अधिकारी असतो. त्याला लेखी द्या. उत्तर आले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने यादी आणि बिंदुनामावली मागा. त्यानेही भागले नाही तर घटनेच्या ३३८ व्या कलमाखालील राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग आहे आणि शेवटी २२६ व्या कलमाखाली उच्च न्यायालय आहेच. परंतु न्यायालयात जाताना प्रतिवादी म्हणून बँकेच्या धोरणाला समोर उभे करा. शेजारच्या टेबलावरील भाऊ हा तुमचा शत्रू नाही.

दोन शब्द आपल्या माणसांनाही सुनावले पाहिजेत. बँकेतल्या आपल्या संघटना १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला जोरात असतात. कॅलेंडर छापतात, वह्या वाटतात, चांगले करतात. परंतु ज्येष्ठता यादीवर हरकत घेण्याची मुदत उलटून जाते तेव्हा पदाधिकारी कोठे असतात? विशेषज्ञ संख्येने थोडे, त्यांची वर्गणी थोडी, म्हणून त्यांचा प्रश्न कार्यकारिणीत घ्यायचा नाही, हे कोणत्या आंबेडकरवादात बसते? उलट विशेषज्ञांमधील काहींना आपण 'क्लार्कमधून आलेल्यां'पेक्षा उंच आहोत असे वाटते. हा कोणत्या बुद्धवचनाचा परिणाम आहे? १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात शिकून नोकरीला लागलेल्यांविषयी बाबासाहेबांनी जी खंत बोलून दाखवली तिला आता सत्तर वर्षे होत आली. ती जुनी झालेली नाही.

बीड, अंबाजोगाई, माजलगावच्या अभ्यासिकांत आज शेकडो मुले-मुली बँकेच्या परीक्षांची तयारी करत आहेत. त्यांनीही अर्ज भरताना एवढे पाहावे की या पदाची शिडी कोठवर जाते, पुढच्या पायरीवर जागा किती, प्रवाह बदलता येतो की नाही. आत शिरण्याच्या दाराइतकेच आतल्या जिन्याचे महत्त्व आहे. खाउजाच्या धोरणात सरकारी नोकऱ्या आटत असताना हाती लागलेली एकही पायरी आपण अज्ञानापोटी गमावणे परवडणारे नाही.

त्या दोन तरुणांचे काय झाले, असे वाचक विचारतील. आम्ही दोघांना एकाच दिवशी, एकाच बाकावर बसवले आणि बँकेचे धोरण, मागच्या तीन वर्षांच्या याद्या आणि सवलतीचा आदेश समोर ठेवला. पहिला अर्धा तास दोघेही एकमेकांकडे बघायला तयार नव्हते. मग गेवराईच्या तरुणाने यादीवर बोट ठेवून विचारले, "म्हणजे यांचा प्रवाह वेगळा ठेवला तर यांची सवलत जाते आणि कोणत्याही तारखेने एकत्र केला तर माझी?" आम्ही म्हटले, नियम आधी ठरला नाही तर तसेच. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी त्यांनी संपर्क अधिकाऱ्याला अर्ज लिहिला. अर्ज एक, सह्या दोन. ज्येष्ठतेची तारीख कोणती धरावी यावर त्यांचे आजही एकमत नाही. ती तारीख लेखी नियमाने, सर्वांसाठी एकदाच ठरली पाहिजे यावर मात्र आहे. उत्तर अजून आलेले नाही. ते येईपर्यंत आम्ही थांबणार नाही. दरम्यान ज्या ज्या बँकेत आपला माणूस आहे त्याने उद्या कामावर गेल्यावर पहिले काम एवढेच करावे की आपली ज्येष्ठता यादी लेखी मागावी. तराजू माकडाच्या हातातून काढून घेण्याची सुरुवात तेथून होते.